आधी कान, मग अक्षर

फ्रेंच भाषेत पक्ष्याला ‘वाझो’ म्हणतात. उच्चार सोपा, दोन टाळ्यांत संपणारा. लिहिताना मात्र ओ, आय, एस, ई, ए, यू अशी सहा अक्षरे लागतात आणि त्यांतल्या एकाही अक्षराचा नेहमीचा उच्चार या शब्दात ऐकू येत नाही. सुरुवातीला ‘व’ ऐकू येतो, पण व्ही नाही. मध्ये ‘झाडा’तल्यासारखा ‘झ’ ऐकू येतो, पण झेड नाही. शेवटी ‘ओ’ ऐकू येतो, पण तिथे ओ हे अक्षर नाही. सहा वर्षांच्या मुलाने हा शब्द वाचायचा तरी कसा?

तरीही फ्रान्समधली पहिलीची मुले तो वाचायला शिकतात आणि त्यासाठी त्यांना सहा अक्षरांची रांग पाठ करावी लागत नाही. ओ आणि आय शेजारी आले की ‘वा’. दोन स्वरांच्या मध्ये एकटा एस सापडला की ‘झ’. ई, ए, यू ही तीन अक्षरे एकत्र आली की ‘ओ’. हे तीन अक्षरगट ठाऊक झाले की पक्षी वाचता येतो. शिवाय त्याच तीन गटांनी टोपी, बोट, राजा, घर असे कितीतरी फ्रेंच शब्द खुले होतात.

लहान मुलांना फ्रेंच उच्चार आणि लेखन शिकवताना नेमके काय घडते, याचा अभ्यास गेली काही दशके शिक्षक, वाचातज्ज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञ करत आहेत. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी, की फ्रेंच लेखन वाटते तितके बेशिस्त नाही. मात्र ते कोणत्या क्रमाने शिकवले जाते यावर मुलाचा पुढचा प्रवास बराच अवलंबून असतो. आधी ध्वनी कानात बसायला हवा, मग त्याचा अक्षरगट डोळ्यांना ओळखता यायला हवा आणि बिनचूक लिहिण्याची अपेक्षा त्यानंतर करायला हवी. हा क्रम उलटला की मूल अडते. फ्रान्समधल्या मुलाला हे लागू आहे आणि पुण्या-मुंबईच्या शाळेत फ्रेंच घेतलेल्या मराठी मुलालाही.

वाचायला सोपे, लिहायला अवघड

फ्रेंचची अक्षरे २६. बोलण्यात वापरले जाणारे ध्वनी सुमारे ३६. हे ध्वनी कागदावर उतरवण्यासाठी वापरली जाणारी अक्षरे आणि अक्षरगट मोजले, तर ते १३० च्या घरात जातात. एकट्या ‘ओ’ या ध्वनीसाठी ओ. टोपीसारखे चिन्ह डोक्यावर घेतलेला ओ. ए आणि यू. ई, ए आणि यू, असे चार पर्याय आहेत. हिरवा, काच, अळी आणि ‘च्या दिशेने’ या चार अर्थांचे शब्द उच्चारात एकसारखेच, ‘व्हेर’. कागदावर चौघांची चार रूपे.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. अक्षराकडून ध्वनीकडे जाताना फ्रेंच बरीचशी नियमित आहे. ई, ए, यू दिसले की ‘ओ’च म्हणायचे, तिथे दुसरा पर्याय नाही. ध्वनीकडून अक्षराकडे जाताना मात्र वाटा फुटतात. ‘ओ’ ऐकला, आता चारांपैकी कोणता लिहायचा? म्हणजे वाचणे तुलनेने सोपे आणि लिहिणे अवघड.

स्कॉटलंडमधले मानसशास्त्रज्ञ फिलिप सीमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी आणि इतर १२ युरोपीय भाषांतल्या मुलांची तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध केली. शाळेचे पहिले वर्ष संपताना परिचित शब्द किती अचूक वाचता येतात, हे त्यांनी पाहिले. फिनलंडच्या मुलांनी ९८ टक्के शब्द बरोबर वाचले. फ्रेंच मुलांचे प्रमाण ७९ टक्के होते. इंग्रजीतून शिकणाऱ्या स्कॉटिश मुलांचे ३४ टक्के. फिनिशमध्ये लिहिलेले आणि बोललेले जवळजवळ एकास एक जुळते, इंग्रजीत ते सर्वांत कमी जुळते. फ्रेंच या दोघींच्या मध्ये येते.

लेखनाचे चित्र वेगळे आहे. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या सांख्यिकी विभागाने प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या, दहा-अकरा वर्षांच्या मुलांना एकच छोटा उतारा १९८७, २००७, २०१५ आणि २०२१ मध्ये श्रुतलेखनासाठी दिला. १९८७ मध्ये सरासरी १०.७ चुका झाल्या होत्या. २०२१ मध्ये त्या १९.४ वर गेल्या. शब्द ऐकू न आल्यामुळे होणाऱ्या चुका यात फारशा नव्हत्या. मोठा वाटा होता तो अनेकवचनाच्या आणि क्रियापदांच्या शेवटच्या, उच्चारात न येणाऱ्या अक्षरांचा.

मेंदूतली टपालपेटी

वाचनाचे मेंदूशास्त्र फ्रान्समध्येच एका रुग्णापासून सुरू झाले, असे म्हणता येईल. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधल्या एका सुशिक्षित गृहस्थांना अचानक वाचता येईनासे झाले. वैद्यकीय इतिहासात ते ‘मस्यो सी’ या नावाने ओळखले जातात. त्यांना बोलता येत होते, माणसे आणि वस्तू ओळखता येत होत्या, इतकेच काय, लिहिताही येत होते. पण स्वतः लिहिलेली ओळ त्यांना वाचता येत नव्हती. मात्र हाताने अक्षराचा आकार गिरवला की ते अक्षर त्यांना ओळखू येई. मज्जाविकारतज्ज्ञ ज्यूल देजरीन यांनी त्यांना तपासले. १८९२ मध्ये रुग्णाच्या मृत्यूनंतर झालेल्या विच्छेदनात मेंदूच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात इजा आढळली.

जवळपास शंभर वर्षांनंतर मेंदूच्या चित्रणाची तंत्रे आली. वाचणाऱ्या माणसाच्या डाव्या मेंदूत, मागे आणि खालच्या बाजूला, लिखित शब्दांना विशेष प्रतिसाद देणारी एक छोटी जागा असते हे त्यातून स्पष्ट झाले. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देआन तिला मेंदूची ‘टपालपेटी’ म्हणतात. ही जागा जन्मतः वाचनासाठी राखीव नसते. लिपीचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा, इतक्या थोड्या काळात मेंदूत नवा भाग तयार होत नाही. वस्तू आणि आकार ओळखणारा भागच शिकण्यातून या कामाला लागतो.

ते घडताना पाहण्यासाठी देआन यांच्या गटाने सहा वर्षांच्या दहा मुलांच्या मेंदूचे चित्रण पहिलीच्या वर्षात पुन्हा पुन्हा केले. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मुले वाचायला लागल्यावर काही महिन्यांतच अक्षरांना प्रतिसाद देणारी ही जागा दिसू लागली होती. मात्र ती एकटी पुरेशी नसते. तिथून ध्वनी आणि अर्थ सांभाळणाऱ्या भागांपर्यंतचे मार्ग वापरून वापरून पक्के व्हावे लागतात. एखादा अक्षरगट पाहून त्याचा ध्वनी काढण्याचा सराव म्हणजे हा मार्ग तयार करणे.

संपूर्ण शब्द चित्रासारखा ओळखायला लावण्याची पद्धत फ्रान्समध्ये दीर्घकाळ वादाचा विषय होती, त्याचे उत्तर येथे मिळते. चित्रासारखा पाठ केलेला शब्द फक्त तोच शब्द वाचायला उपयोगी पडतो. अक्षरगट ओळखता आला तर कधीही न पाहिलेला शब्दही वाचता येतो.

पहिलीच्या वर्गात

फ्रान्समध्ये वाचनाचे औपचारिक शिक्षण सहाव्या वर्षी, सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्याआधीच्या बालवर्गांत मुलांचा कान तयार केला जातो. शब्दाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला टाळी वाजवायची, एकाच ध्वनीने सुरू होणारी चित्रे वेगळी काढायची, यमके जुळवायची, असे खेळ असतात. शब्द हा सुट्या ध्वनींचा बनलेला असतो हे मोठ्यांना उघड वाटते, पण पाच वर्षांच्या मुलाला ते शोधावे लागते. हा शोध लागल्याशिवाय अक्षराचा उपयोग त्याला कळत नाही.

पहिलीत एकेक ध्वनी घेतला जातो. समजा, आज ‘ऊ’. शिक्षिका शब्द म्हणतात आणि मुले ‘ऊ’ ऐकू आला की हात वर करतात. तो सुरुवातीला आला, मध्ये की शेवटी, हेही सांगतात. त्यानंतरच फळ्यावर ओ आणि यू ही जोडी येते. मुले ती मोठ्याने म्हणत गिरवतात, इतर अक्षरांशी जोडून ‘मू’, ‘लू’, ‘रू’ असे तुकडे वाचतात. मग या तुकड्यांचे शब्द, शेवटी शब्दांची वाक्ये. वाचायला दिलेल्या वाक्यात शक्यतो शिकलेलेच अक्षरगट असतात, म्हणजे मुलाला अंदाज बांधावा लागत नाही.

काही वर्गांत प्रत्येक ध्वनीसाठी हाताची एक खूण वापरतात. ही पद्धत फ्रान्समधल्या वाचोपचाराच्या आद्य प्रवर्तक स्यूझान बोरेल-मेझोनी यांची. त्यांनी सुरुवातीला दुभंगलेल्या टाळूच्या मुलांसोबत काम केले होते. त्यांच्या काही खुणा अक्षराच्या आकाराची आठवण देतात, तर काही ध्वनी उच्चारताना तोंडात काय होते त्याची. ध्वनी ऐकणे, तो तोंडाने काढणे, अक्षर पाहणे आणि हाताने दाखवणे, चारही गोष्टी एकत्र होतात. अक्षराचा उठावदार आकार बोटांनी चाचपत शिकलेल्या बालवर्गातल्या मुलांना अक्षर आणि ध्वनी यांचे नाते अधिक चांगले समजते, असे फ्रान्समधल्या प्रयोगांतही दिसले आहे. मस्यो सी यांच्या हाताला जे आठवत होते, त्याचाच हा उपयोग.

वेग किती ठेवायचा, यावरही अभ्यास झाला आहे. संशोधक रोलाँ ग्वागू यांच्या नेतृत्वाखाली पहिलीच्या १३१ वर्गांचे निरीक्षण करण्यात आले. मुलांना झेपावे म्हणून फार सावकाश जाणे कच्च्या मुलांच्या फायद्याचे ठरत नाही, असे त्यात आढळले. पहिल्या नऊ आठवड्यांत १४-१५ अक्षरगट घेणाऱ्या वर्गांत अशा मुलांची प्रगती चांगली होती. कारण समजण्यासारखे आहे. चार-पाच अक्षरांत खरे शब्द फारसे तयार होत नाहीत, मग मूल वाचणार काय?

फ्रेंच सरकारने २०१७ पासून वंचित वस्त्यांमधल्या शाळांत पहिलीचे वर्ग निम्म्याने लहान, साधारण १२ मुलांचे करायला घेतले, त्यामागेही हाच विचार होता. पहिलीत अडलेले मूल पुढे इतिहासात, विज्ञानात आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतही अडते.

नियम आणि त्यांची कारणे

मुलांना नियमाचे कारण सापडले की तो लक्षात राहतो. फ्रेंचमध्ये नाकातले स्वर लिहिण्यासाठी स्वरापुढे एन लावतात. पण पुढे बी किंवा पी आले की एनचा एम होतो. खोली, पाय, पडणे, नोव्हेंबर या शब्दांच्या फ्रेंच लेखनात हे दिसते. ‘ब’ म्हणण्यासाठी ओठ मिटावे लागतात आणि ‘म’ही ओठ मिटूनच निघतो, हे मुलांना आरशात दाखवता येते. मराठी मुलांना तर हे ओळखीचेच असते. ‘आंबा’ म्हणताना अनुस्वाराचा आपोआप ‘म्’ होतो, ‘अंत’ म्हणताना ‘न्’. फ्रेंचमध्ये गोळीला किंवा चॉकलेटला ‘बोंबों’ म्हणतात आणि हा शब्द मात्र एननेच लिहितात, कारण तो ‘बों’ म्हणजे ‘छान’ या शब्दाचीच जोडी आहे. ‘छान-छान’ म्हणजे खाऊ, हा अपवाद मुले विसरत नाहीत.

एस या अक्षराचेही तसेच. दोन स्वरांच्या मध्ये एक एस असेल तर ‘झ’, दोन असतील तर ‘स’. ‘प्वासों’ म्हणजे मासा आणि ‘प्वाझों’ म्हणजे विष. एक एस गळला की ताटातल्या माशाचे विष होते. फ्रेंच शिक्षकांचे हे लाडके उदाहरण आहे.

सर्वांत जास्त छळतात ती शेवटची मुकी अक्षरे. ‘पती’ म्हणजे लहान, त्याच्या शेवटी टी लिहितात, पण म्हणत नाहीत. हे व्यर्थ ओझे वाटते. पण स्त्रीलिंगी रूप ‘पतीत’ म्हटले की तो टी ऐकू येतो. दाताला ‘दाँ’ म्हणतात, त्यातला मुका टी दंतवैद्याच्या ‘दाँतिस्त’मध्ये बोलका होतो. म्हणून चांगले शिक्षक सुटा शब्द न देता त्याचे कुटुंब देतात. शब्दाचे भाऊबंद ठाऊक असले की मुके अक्षर पाठ करावे लागत नाही, ते शोधता येते.

क्रियापदांत मात्र ही युक्तीही थकते. ‘बोलणे’ या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते यांच्यासोबतची चार रूपे कानाला एकच वाटतात, ‘पार्ल’. कागदावर त्यांची लेखने तीन. येथे कान मदत करत नाही, व्याकरणच लागते. ते समजायला वय आणि वेळ हवा. सात वर्षांच्या मुलाने अशा चुका केल्या, तर तो आळशी किंवा मंद ठरत नाही.

मराठी वाचकांना यात नवल वाटू नये. ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीत लिहिले जात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढले. आजही ‘घर’मधला शेवटचा ‘अ’ कोणी उच्चारत नाही, ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले ‘च’ वेगळे उच्चारले जातात पण एकच लिहिले जातात, आणि ऱ्हस्व-दीर्घाने मोठ्यांचीही दमछाक होते. फ्रेंचनेही १९९० मध्ये सुमारे २,००० शब्दांचे लेखन सोपे करण्याच्या सुधारणा मांडल्या. २०१६ मध्ये त्या पाठ्यपुस्तकांत आणायचे ठरले, तेव्हा फ्रान्समध्ये मोठे वादळ उठले. आपल्या लहानपणी गिरवलेले लेखन कोणालाच सोडवत नाही.

अस्वलाची चूक

शब्दांच्या सीमाही फ्रेंचमध्ये कानाला फसवतात. एका शब्दाचे शेवटचे मुके अक्षर पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला स्वर असेल तर बोलके होते आणि त्याला चिकटते. ‘ले’ आणि ‘आमी’, म्हणजे ‘मित्र’चे अनेकवचन, एकत्र म्हटले की ‘लेझामी’ होते. त्यामुळे लहान फ्रेंच मुले मित्राला ‘झामी’ म्हणतात. अस्वलाचे ‘ऊर्स’ असते, पण मुलांच्या तोंडी कधी ‘नूर्स’ येते, कधी ‘झूर्स’. ही चूक कान तल्लख असल्याची खूण आहे. मूल जे ऐकते तेच प्रामाणिकपणे सांगत असते. शब्द लिहिलेला पाहिला की सीमा कळते आणि चूक सुटते. म्हणजे आधी कान असला, तरी पुढे डोळाही कानाला दुरुस्त करतो.

परक्या कानाचे काय?

फ्रेंच घरात जन्मलेल्या मुलाच्या कानात हे सारे ध्वनी सहा वर्षे मुरलेले असतात. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेत फ्रेंच निवडणाऱ्या मुलाचे तसे नसते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात गेलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना तर १९७७ च्या भाषा कायद्यामुळे साधारणपणे फ्रेंच शाळेतच जावे लागते.

परक्या ध्वनींबाबत एक प्रयोग मराठी वाचकांना जवळचा वाटेल. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी भाषक घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना हा फरक सहसा ऐकू येत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ओळखता आला. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना आला नाही. मेंदू पहिल्याच वर्षी घरच्या भाषेत उपयोगी पडणारे फरक धरून ठेवतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

‘ताट’ आणि ‘टाट’ यांच्याबाबत इंग्रजी कानाचे जे होते, तेच मराठी कानाचे फ्रेंचमधल्या एका स्वराबाबत होते. जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे, असा हा स्वर. मराठी मूल त्याला ‘ऊ’ समजते. मग रस्ता आणि चाक एकच होतात, ‘वर’ आणि ‘खाली’ यांचेही फ्रेंच शब्द एकसारखेच वाटतात. नाकातल्या स्वरांचीही अडचण येते. प्रमाण मराठीत अनुस्वार बहुधा पुढच्या व्यंजनाच्या वर्गातले अनुनासिक बनतो, त्यामुळे स्नान, बाक आणि ‘छान’ या अर्थांच्या तीन शब्दांत मूल शेवटी स्पष्ट ‘न्’ लावते आणि तिन्ही सारखेच म्हणते. गोव्यातल्या कोंकणी भाषक मुलांना येथे थोडी सवलत आहे, कारण कोंकणीत नाकातल्या स्वराने अर्थ बदलतो.

मराठी मुलांच्या काही जमेच्या बाजूही आहेत. फ्रेंचमधले ‘त’ आणि ‘द’ हे आपल्यासारखे दाताला जीभ लावून म्हटले जातात. ‘प’, ‘त’, ‘क’ म्हणताना इंग्रजीसारखा हवेचा झोत सोडत नाहीत. म्हणजे ते मराठीच्या जवळचे आहेत. पण फ्रेंच इंग्रजीच्या वाटेने शिकवली गेली, की मूल टेबलाच्या ‘ताब्ल’ला ‘टाब्ल’ म्हणू लागते. जे आयते होते ते हातचे जाते. तीच अक्षरे, म्हणून इंग्रजीतलाच उच्चार, ही सवय वाचनात पदोपदी आड येते. परकी भाषा शिकताना लेखन फार लवकर समोर आले, तर मुले मुकी अक्षरे उच्चारू लागतात, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून नवा शब्द आधी काही वेळा ऐकून-म्हणून घ्यावा आणि मग फळ्यावर लिहावा.

कान पुन्हा तयार करता येतो का? येतो. जपानी भाषकांना ‘र’ आणि ‘ल’ यांतला फरक ऐकू येत नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात जपानी प्रौढांना अनेक वेगवेगळ्या आवाजांतले शब्द ऐकवून सराव दिला, तेव्हा त्यांची ओळख सुधारली. एकाच शिक्षिकेचा आवाज ऐकून मूल फक्त तिचाच उच्चार ओळखायला शिकते. वेगवेगळ्या माणसांकडून तोच शब्द ऐकला की त्यातला नेमका ध्वनी हाती लागतो.

आवाज कोठून येतो, यालाही महत्त्व आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना १२ सत्रांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी ध्वनी ओळखू येऊ लागले. तेच पडद्यावर किंवा ध्वनिमुद्रणातून ऐकलेल्यांना आले नाहीत. शाळकरी मुले बाळांपेक्षा वेगळी असतात, त्यांना ध्वनिफितीचा उपयोग होतो. तरीही मोबाइलवरचे ॲप लावून दिले की काम झाले, असे समजू नये.

‘आता उशीर झाला’ ही भीतीही अनेक पालकांना असते. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांवर १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीचे महिने सर्वांत वेगाने पुढे गेली ती १२ ते १५ वर्षांची मुले. लहानांना दीर्घकाळ भाषेत राहायला मिळाले तर उच्चारात लाभ होतो. पण आठवड्याला दोन तासिका असतील, तर आठवीतल्या मुलाची समज आणि नियम पकडण्याची क्षमता त्याच्याच बाजूने असते.

चूक कधी गंभीर मानावी?

बी आणि डी, पी आणि क्यू यांची उलटापालट सहा-सात वर्षांच्या मुलांत सर्रास दिसते. मेंदूला वस्तू डावीकडून पाहिली काय, उजवीकडून पाहिली काय, सारखीच वाटते. अक्षरांपुरती ही सवय मोडावी लागते आणि त्याला वेळ लागतो. पहिलीचे वर्ष संपत आले, नीट शिकवले गेले, तरीही मूल साधे तुकडे जोडू शकत नसेल, यमक ओळखू शकत नसेल, प्रत्येक शब्दाचा अंदाज बांधत असेल, तर मात्र थांबू नये.

पहिली तपासणी कानांची आणि डोळ्यांची करावी. लहान मुलांत सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून काही काळ कमी ऐकू येणे ही नेहमीची गोष्ट आहे. ज्याला ‘स’ आणि ‘झ’ धड ऐकू येत नाहीत, त्याच्यासाठी मासा आणि विष एकच राहणार. फ्रान्समध्ये सहाव्या वर्षाच्या वैद्यकीय तपासणीची कायद्यातच तरतूद आहे.

कान आणि डोळे ठीक असतील, तर वाचनअक्षमतेची, म्हणजे डिस्लेक्सियाची, तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. २००१ मध्ये एराल्दो पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटली, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या डिस्लेक्सिया असलेल्या तरुणांची तुलना केली. वाचताना तिन्ही देशांतल्या तरुणांच्या डाव्या मेंदूचा तोच भाग कमी काम करताना दिसला. तरी इटालियन तरुण इतरांपेक्षा अचूक वाचत होते, कारण त्यांची भाषा लिहिल्याप्रमाणे बोलली जाते. मूळ अडचण एकच, पण ती किती जाचक ठरेल हे लेखनपद्धतीवर ठरते. यावरून एक गोष्ट मराठी पालकांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. देवनागरीत जेमतेम निभावणारे मूल इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये अचानक कोलमडले, तर ते नव्या भाषेचा कंटाळा करते आहे असे गृहीत धरू नये. आधीपासून असलेली अडचण तिथे उघडी पडलेली असू शकते.

घरी काय करता येईल?

फ्रेंच न येणाऱ्या आई-वडिलांनाही बरेच करता येते. नवे शब्द मुलाकडून आधी मोठ्याने म्हणवून घ्यावेत, मग वहीत पाहावे. उच्चार टिपून ठेवायचे असतील, तर इंग्रजी अक्षरांपेक्षा देवनागरी अधिक जवळ नेते. मात्र ‘ई’च्या जिभेचा तो गोल स्वर आणि नाकातले स्वर यांना वेगळी खूण ठरवून घ्यावी. आरशासमोर ओठ पाहत सराव करावा. शब्दांची यादी वर्णानुक्रमे पाठ करण्याऐवजी एका अक्षरगटाचे शब्द एकत्र लिहावेत. रोज दहा मिनिटे पुरतात, रविवारी दोन तास बसवून तेवढा उपयोग होत नाही.

श्रुतलेखन तपासताना चुका दोन रंगांनी दाखवाव्यात. उच्चार बरोबर पकडला पण अक्षरगट चुकला, ही एक चूक. उच्चारच निसटला, ही दुसरी. ‘वाझो’च्या शेवटी नुसता ओ लिहिणाऱ्या मुलाने शब्द बरोबर ऐकलेला असतो, तुकडेही बरोबर पाडलेले असतात. त्याला शेवटचा एक अक्षरगट तेवढा शिकायचा आहे. लाल रेघेबरोबर एवढे त्याला सांगितले, तर पुढच्या वेळी तो पक्षी बरोबर लिहील.